करवंदाच्या जाळीतला वंशवृक्ष

छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला तपासणीशिवाय दुसरं काही येत नाही. समोर काहीही येवो, लग्नपत्रिका, नाटक, नाहीतर सुनेनं केलेली आमटी, हात आपोआप तांबड्या पेनाकडे जातो. गेल्या दिवाळीत पुतण्यानं माझ्या लॅपटॉपवर वंशावळीचं एक सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि "काका, आता निवांत बसा आणि आपलं अख्खं खानदान भरून काढा" असा हुकूम सोडला. पण न तपासलेल्या वहीत मी कधी सही केली नाही, तर खानदान कसं भरीन? आधी मी ते सॉफ्टवेअरच तपासायला घेतलं. पुढं येतंय ते त्याचं परीक्षण. गुण शेवटी दिले आहेत. उगाच आधी पान उलटून बघू नये.

आमचं खानदान मुरबाड तालुक्यातलं, सरळगाव-टोकावड्याच्या अंगाचं. नोकरीमुळं मी शहापूरला आलो आणि इथलाच झालो. कोकणस्थ मंडळींचे उशाला घेता येतील असे जाडजूड कुलवृत्तांत असतात. आमच्याकडे कुळाचा वृत्तांत म्हणजे सात-बारा, आणि त्यात वृत्तांत कमी, भांडण जास्त.

परीक्षणात आधी लेखक, प्रकाशक आणि किंमत द्यायची रीत आहे. किंमत : फुकट. लेखक : पुष्कळ. मूळ प्रकाशकाची मात्र गंमत आहे. या जातीची सॉफ्टवेअरं ज्या साच्यात एकमेकांना माहिती देतात, त्याला जेडकॉम म्हणतात. तो साचा १९८४ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चनं काढला. त्यांच्यात गेलेल्या पूर्वजांची नावं शोधून त्यांच्यासाठी मंदिरात विधी करायची चाल आहे, म्हणून वंशावळीची एवढी निकड. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पितृपंधरवडाच की हा! फरक इतकाच, की गोत्र आठवलं नाही तर आमचे भटजी "काश्यप म्हणा" म्हणून पुढं सरकतात. हे सॉफ्टवेअर पुढं सरकत नाही. रिकामा रकाना उघडा ठेवून ते आपल्या तोंडाकडे बघत बसतं.

त्यात प्रत्येक माणसाला नंबर असतो. मी एक नंबर. (आयुष्यात पहिल्यांदाच.) साच्याच्या आत आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मध्ये कोंडलेलं असतं, शाळेत पट्टी उगारून पोराला कोपऱ्यात उभं करावं तसं. बापाच्या नावाला मात्र स्वतंत्र जागाच नाही. ते आपल्या नावाच्या शेपटीला बांधायचं. महाराष्ट्रात बापाचं नाव लावल्याशिवाय रेशन कार्डावर साखरसुद्धा मिळत नाही, हे सॉल्ट लेक सिटीला कोणी कळवलं नसावं.

आता तारखांकडे वळू. माझी पहिली तांबडी रेघ इथं पडली.

जेडकॉमच्या तारखेच्या रकान्यात चार पंचांगं चालतात : आपलं रोजचं इंग्रजी, जुनं ज्युलियन, यहुद्यांचं हिब्रू आणि फ्रेंच राज्यक्रांतीचं. हे शेवटचं पंचांग १७९३ साली निघालं आणि नेपोलियननं १८०५ संपता संपता बंद केलं. आमच्या घरच्या छत्रीचं आयुष्य त्याहून मोठं आहे. एका सॉफ्टवेअरात तर स्वीडनचं जुनं पंचांगही आहे. त्या देशानं हिशेब चुकवून १७१२ सालच्या फेब्रुवारीला तीस दिवस दिले होते, त्या चुकीची सोय इथं आहे. पण शालिवाहन शक? नाही. स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारीला कोणी जन्मला असेल तर त्याची नोंद होते, आमचे आजोबा चैत्रात जन्मले त्यांची होत नाही.

अर्थात शक असता तरी आमची अडचण सुटली नसती. आमच्याकडे माणूस तिथीला नव्हे, घटनेला जन्मतो. थोरले चुलते "म्हशाच्या जत्रेत ढवळा बैल घेतला त्या साली". म्हशाची जत्रा दर पौष पौर्णिमेला भरते आणि बैल दरवर्षी घेतले जातात, तेव्हा संशोधनाला वाव भरपूर. मी तारखेच्या रकान्यात "ढवळा बैल" असं टंकून पाहिलं. रकाना तांबडा झाला. मास्तरला तांबडा शेरा मिळण्याचा हा जिल्ह्यातला पहिलाच प्रसंग असावा. मग एक सोय सापडली : तारखेआधी "सुमारे", "पूर्वी" किंवा "नंतर" लावता येतं. या "सुमारे"वर मी खूश आहे. आमचं सगळं घराणंच सुमारे आहे.

आणि ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत, त्यांचं काय? सगळी माहिती भरून झाल्यावर मी वाढदिवसांची यादी काढली. जानेवारीत दोन, मार्चमध्ये एक, आणि १ जूनला एकोणचाळीस! माझे दोन चुलते १ जून १९५१ या एकाच दिवशी जन्मल्याचं निघालं. दोघांत अडीच वर्षांचं अंतर आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, पण बापानं दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं आणि मास्तरनं एकाच दौतीत टाक बुडवला.

इथं परीक्षकाला थोडं खाकरावं लागतं. कारण पुढं तो मास्तर मीच होतो. आई पोराला ओढत आणायची, पोर दाराला लटकायचं. "जन्म कधीचा?" "भात लावनी चालू व्हती, मास्तर." आता भातलावणीचा दाखला रजिस्टरात कसा लिहिणार? जूनला वय भरलं पाहिजे, म्हणून १ जून. किती पोरांना मी असं एका तारखेला जन्माला घातलं, ब्रह्मदेव जाणे. माझीही जन्मतारीख १ जून १९५७, माझ्या मास्तरांच्या कृपेनं. त्यामुळं ३१ मेला निवृत्त झालो. त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रात नारळ आणि शालींचा तुटवडा पडतो, त्याला आम्ही मास्तर लोक जबाबदार आहोत. तेव्हा तारखांच्या बाबतीत सॉफ्टवेअरचे गुण कापताना माझा हात जरा हलकाच चालला.

नात्यांच्या बाबतीत मात्र हलका हात शक्य नाही. दोन माणसांवर टिचकी मारली, की त्यांचं नातं हे सॉफ्टवेअर सांगतं. चुलत, आते, मामे, मावस ही चार दारं आपल्याकडे, त्यांना सगळ्यांना मिळून एकच शब्द : कझिन. मानपान कुठल्या दारातून आत घ्यायचा, हेच कळेना. वडिलांच्या चुलतभावाला त्यानं "फर्स्ट कझिन, वन्स रिमूव्हड" म्हटलं. म्हणजे एकदा काढून टाकलेला. बांधाच्या वादापायी आम्ही त्यांना खरोखरच काढून टाकलंय, पण हे सॉल्ट लेक सिटीपर्यंत कसं गेलं?

पुढं मी आणि आमची ही, यांचं नातं काढायला सांगितलं. वास्तविक ते "नवरा-बायको" एवढं सांगून गप्प बसायला हवं होतं. त्यानं वर "सेकंड कझिन" असंही जाहीर केलं. कारण ही माझ्या आईच्या चुलतभावाची मुलगी. मामाच्या घरची मुलगी करायची आमच्याकडे चालच आहे. त्यामुळं वर चढत गेलं की माझे एक पणजोबा तिच्याही फांदीवर बसलेले दिसतात, आणि आमच्या नातवाला तेच पणजोबांचे आजोबा दोन वाटांनी भेटतात. या प्रकाराला वंशवृक्ष का म्हणायचं? वृक्षाला बुंधा एक असतो आणि फांद्या एकदा फुटल्या की परत भेटत नाहीत. आमची ही करवंदाची जाळी आहे. माहुलीच्या पायथ्याला असते तशी. कुठून सुरू झाली कळत नाही, सगळी एकमेकांत अडकलेली, काटे मुबलक, आणि फळ वैशाखात, तेही आंबट-गोड.

एवढं भरून झाल्यावर पुतण्यानं ते सगळ्या नातेवाइकांना बघायला खुलं केलं. माहिती भरणं सोपं असतं, मंडळी. बघू देणं अवघड. पहिल्या दिवशी एका चुलतभावाचा फोन : "मला डाव्या हाताला का टाकलंस?" दुसऱ्या दिवशी एका मेहुण्याचा : पहिलं लग्न काढून टाक. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पहिल्या बायकोच्या मुलाचा : ते लग्न ठेवा काका, त्यावरच मी उभा आहे. मी ठेवलं. चौथ्या दिवशी ते "काढून टाकलेले" चुलते स्वतः दारात. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "मास्तर, खरं सांग. एवढी नावं कशाला गोळा करतोस? समृद्धीत आपलं काही निघालंय का?"

त्यांचं चुकलं असं नाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला. रस्त्याची मोजणी लागली त्या दिवसांत इकडच्या गावांना वंशावळीचं जेवढं वेड लागलं, तेवढं कुठल्या इतिहास मंडळालाही लागत नसेल. भूसंपादनाच्या नोटिसीसारखा कुलवृत्तांत नाही. तीस वर्षं न दिसलेले वारस ती उभे करते.

आणि वारसांत बहिणी येतात. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारा बदल ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाला. म्हणून बाप गेला की तलाठ्याच्या वारस नोंदीत बहिणींची नावं येतात. आणि मग एक दिवस भाऊ त्यांना गाडीनं आणतो, जेवू घालतो, साडी देतो आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतो. सात-बाऱ्यावरचं नाव कमी केलं की त्याला कंस पडतो. आमच्याकडे बायकांची नावं कागदावर येतात, ती कंसात जाण्यासाठीच.

दुसरा कागद जातीच्या दाखल्याचा. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि त्याला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडतात. असली शेकडो प्रतिज्ञापत्रं माझ्या हाताखालून गेली, कारण शाळेचं जनरल रजिस्टर हाच पहिला पुरावा. त्यात खापरपणजोबा, त्याखाली पणजोबा, त्याखाली आजोबा, त्याखाली बाप. एकही बाई नाही. चार पिढ्या पुरुषच पुरुषांना जन्म देत आले आहेत, आणि तसं आम्ही शपथेवर सांगतो! सरकारनं आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं आणि मग बापाचं नाव लावायचं ठरवलं. चांगलं केलं. पण जी माणसं त्याआधीच जन्मून मरून गेली, त्यांच्या आयांचं काय?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला, असं सांगून मी भाव खाल्ला असता. पण तो माझा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. आजोबांच्या शेजारी त्यानं एक चौकोन काढला होता. आत केस बांधलेल्या बाईची काळी सावली, खाली रिकामी रेघ. सात-बारा हा प्रश्न विचारत नाही, प्रतिज्ञापत्र विचारत नाही. सॉफ्टवेअरनं विचारलं : हिचं नाव? जन्माच्या वेळचं?

आणि ते मला ठाऊक नव्हतं.

माझी सख्खी आजी माझे वडील चौदाएक वर्षांचे असताना गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, आणि जिला आम्ही आजी म्हणत वाढलो ती दुसरी. पहिलीचा उल्लेख निघालाच तर "थोरली" एवढाच. तिचं माहेर शहापूर तालुक्यातला एक पाडा. तो भातसा धरणाच्या पाण्यात गेला. नकाशावर जन्मगावाची टाचणी टोचायला गेलो तर सगळं निळं. मुंबईत नळ सोडला की जे पाणी येतं, त्यात आमच्या आजीचं माहेर आहे. तिथं जाऊन कोणाला विचारणार?

उरली फक्त आत्या. वय सुमारे त्र्याऐंशी, धसईच्या बाजूला असते. लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं किन्हवली, सरळगाव करत मी तिच्या दारात उतरलो.

"ये रं पोरा. एवढ्या उन्हाचा?"

"आत्या, तुझ्या आईचं नाव काय होतं?"

ती बघतच राहिली. अडुसष्ट वर्षांचा भाचा एवढ्या लांबून उन्हातून येऊन हे विचारतोय! मग म्हणाली, "मी चार सालांची व्हते रं. मी तिला आय म्हनायची. समदी थोरली म्हनायची. नाव कोन घेतंय बाईचं?" आणि आत जाऊन पाणी घेऊन आली.

पाणी पितळी तांब्यात होतं. हा तांब्या मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखतो. आत्याच्या लग्नात तिच्याबरोबर गेलेलं आईचं एकच भांडं. दर सुट्टीत मी त्यानं पाणी प्यायलो आहे. त्या दिवशी प्यायला तोंड वर केलं आणि दारातल्या उन्हात त्याच्या गळ्याखाली बारीक ठोके चमकले. कासारानं घातलेली अक्षरं. झिजलेली, पण ओळीत. एक बाईचं नाव, एक बापाचं नाव, आणि पाण्यात गेलेल्या पाड्याचं नाव.

आत्याला वाचता येत नाही. तिच्या घरात पुढं शिकलेली पोरं झाली, पण तांब्या कोण वाचतो? आणि मी? छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना "अक्षराकडे बघ, बोट ठेवून वाच" असं ओरडत आलो. साठ वर्षं तो तांब्या माझ्या नाकासमोर होता.

मी बोट ठेवून वाचलं. मोठ्यानं. आत्या काही बोलली नाही. तांब्या माझ्या हातून घेतला, पदरानं पुसला, आणि ते नाव दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं, नवी चव घ्यावी तसं. मग म्हणाली, "चांगलं हाय की."

मी लॅपटॉप उघडून ते नाव भरलं. खाली स्रोत विचारणारा रकाना असतो : कुठलं दप्तर, कुठे ठेवलंय, पान कितवं. मी लिहिलं : तांब्या. आत्याची मांडणी. गळ्याखाली. पुराव्याचा भरवसा किती, तेही विचारतात, शून्य ते तीन. तीन टाकले. एवढा अस्सल पुरावा आमच्या घराण्यात दुसरा नाही. सात-बारासुद्धा नाही.

"कुठं हाय ती?" आत्यानं विचारलं. मी पडद्यावरचा चौकोन दाखवला. तिनं त्या काळ्या सावलीवर बोट ठेवलं. पडदा सरकला आणि आजी क्षणभर बाजूला गेली. मी परत आणली.

"आन् मी कुठं?"

"ही काय, तिच्या खाली."

"मधी रेघ मारलीस ना?"

"मारलीय."

"मंग झालं," आत्या म्हणाली. "च्या टाकते."

आता गुण. तारखा : शंभरात वीस, त्यातले दहा "सुमारे"साठी. नाती : साफ नापास. पंचांग : स्वीडनला पास, आम्हाला नापास. पण तो रिकामा रकाना काढून माझ्यासमोर धरल्याबद्दल पैकीच्या पैकी. जे आमच्या तलाठ्यानं, तहसीलदारानं, आजोबांनी आणि खुद्द मास्तरनं विचारलं नाही, ते त्यानं विचारलं. वरच्या वर्गात घालायला हरकत नाही.

तुम्हाला ते नाव जाणून घ्यावंसं वाटत असेल. पण त्या सॉफ्टवेअरचा एक नियम आहे. जिवंत माणसाची माहिती घराबाहेरच्याला दाखवायची नाही. आणि ज्याच्या मृत्यूची नोंद नाही आणि जन्माला ठरावीक वर्षं उलटल्याचं सिद्ध होत नाही (कुठे ११०, कुठे १२०), तो जिवंत. आजीच्या दोन्ही तारखा रिकाम्या. थोरला मुलगा, म्हणजे माझे वडील, १ जून १९३२ चे. तेव्हा हिशेबानं बाई अजून असू शकते. बाहेरच्या माणसानं तिच्या चौकोनावर टिचकी मारली की "खाजगी" एवढंच दिसतं.

पुतण्या म्हणतो, ही चूक आहे काका, "सुमारे १९४६" टाका म्हणजे सुटेल. त्याचं बरोबर आहे. जन्मतारखेचा रकानाही मोकळाच आहे, आणि सवयीनं माझा हात एकदा १ जूनकडे गेलासुद्धा. पण मागे घेतला. एकोणचाळीस झाले तेवढे पुरे. आणि आत्ताशी कुठं नाव सापडलंय तिचं. इतक्यात मारायची काय घाई आहे?